वेष्टनावरचा शब्द आणि त्यामागची साक्ष

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराच्या किराणा बाजारात शीतकपाटापुढे उभे राहून गोमांसाच्या पाकिटांवरील मजकूर वाचू लागले, तर त्यात मांसाच्या चवीचे वर्णन थोडे आणि ते मांस ज्या जनावराचे, त्याच्या आयुष्याची हकीकत फार, असे दिसून येते. हे जनावर गवतावर वाढले. याला प्रतिजैविके दिली नाहीत. याच्या अंगात संप्रेरके घातली नाहीत. याचा चारा सेंद्रिय होता. याला दयाबुद्धीने वागविले, अशी एकेक विधाने पाकिटावर छापलेली असतात आणि विधानागणिक पाकिटाची किंमत चढत जाते. पूर्वी रंग, चरबी आणि भाव एवढे पाहून समाधान पावणारे गिऱ्हाईक आता ते जनावर कोठे जन्मले, काय खाऊन वाढले आणि कशा अवस्थेत मेले, असे विचारू लागले आहे, आणि असे विचारण्याचा त्याचा अधिकार सर्वथा न्याय्य आहे, असे मला मनापासून वाटते. परंतु प्रश्नाचे उत्तर वेष्टनावर छापून आले म्हणजे ते सिद्ध झाले, असे होत नाही. विधानामागे साक्ष कोणाची, ती तपासली कोणी आणि तपासणाऱ्याचा अधिकार कोठवर पोहोचतो, यावर त्या विधानाचे खरे मोल ठरते. आणि अमेरिकेतील गोमांसाच्या व्यापाराचा गेल्या काही दशकांचा इतिहास हा या सत्याचा विस्तृत दाखला आहे.

महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत गोमांस शिजत नाही. गायीच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने केलेली मनाई २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही लागू झालेली आहे. तरीही हा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही. जनावर पोसणारा आणि त्या जनावरापासून मिळणारा जिन्नस खाणारा हे एकमेकांचे शेजारी होते तोवर जो प्रश्न कधी उपस्थितच झाला नाही, तो या दोघांमध्ये शेकडो कोसांचे अंतर आणि डझनभर मध्यस्थ येऊन उभे राहिले की कोणत्याही देशात आणि कोणत्याही जिनसेच्या बाबतीत उपस्थित होतो. अमेरिकेत तो गोमांसाच्या रूपाने उभा राहिला, एवढेच.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी फार पूर्वी करून ठेवली आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली जिनसांच्या गुणांचे दोन वर्ग पाडले: काही गुण विकत घेण्यापूर्वी नुसते पाहून कळतात आणि काही वापरल्यानंतर अनुभवास येतात. मांस लाल आहे की काळवंडले आहे, हे डोळ्यांनी दिसते. ते मऊ आहे की चिवट, हे जिभेला कळते. पुढे १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी तिसरा वर्ग दाखवून दिला. हा गुण असा की तो विकत घेण्यापूर्वीही कळत नाही आणि उपभोग घेतल्यानंतरही कळत नाही. त्याविषयी केवळ विश्वास ठेवावा लागतो. गुराच्या संगोपनाविषयीची बहुतेक सर्व विधाने या तिसऱ्या वर्गात मोडतात. ज्या गोऱ्ह्याचे मांस ताटात आले, त्याला आजारपणात औषध टोचले होते किंवा नाही, हे जगातील अत्यंत निष्णात बल्लवाचार्यालाही चवीवरून सांगता यावयाचे नाही. फसवणूक झाली तरी गिऱ्हाइकाला ती कधीच कळत नाही, म्हणून ते पुढच्या खेपेस दुकान बदलून विक्रेत्याला शासनही करू शकत नाही. आणि जेथे गिऱ्हाइकाचे हे एकमेव शस्त्र निरुपयोगी ठरते, तेथे प्रामाणिक आणि अप्रामाणिक विक्रेता एकाच भावाने विकू लागतो. यात अंती नुकसान प्रामाणिकाचेच होते, कारण संगोपनाचा वाढीव खर्च त्याने एकट्याने सोसलेला असतो.

आता अमेरिकन गुराचे आयुष्य प्रत्यक्षात कसे जाते ते पाहू. वासराचा जन्म बहुधा एखाद्या रँचवर, म्हणजे विस्तीर्ण कुरणावरील गुरांच्या शेतीवर होतो. अशा शेतींची संख्या लाखांत असून त्यांवरील गायींचा सरासरी कळप पन्नासाच्या आतच असतो. वासरू सहा ते आठ महिने आईच्या दुधावर आणि गवतावर वाढते. मग ते तोडले जाते, लिलावात विकले जाते आणि काही महिने दुसऱ्याच कोणाच्या रानात चरून अंगाने भरते. यानंतर ते फीडलॉटमध्ये येते. टेक्सासचा उत्तर भाग, कॅन्सस आणि नेब्रास्का या सपाट, कोरड्या प्रदेशांत हे फीडलॉट पसरलेले आहेत: गवताचे पाते नसलेली, कुंपणांनी विभागलेली मातीची आवारे, एका कडेला सिमेंटची लांबच लांब गव्हाण आणि तिच्यात वाफवून चपटा केलेला मका, पेंड, थोडी वैरण व क्षार यांचे मोजून मिसळलेले खाद्य. येथे चार ते सहा महिने राहून जनावर दररोज दीड किलोच्या आसपास वजन धरते आणि सुमारे दीड-पावणेदोन वर्षांचे होताच कत्तलखान्यात जाते. हजाराहून अधिक गुरे मावतील असे फीडलॉट एकूण संख्येच्या पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, परंतु धान्यावर पोसलेल्या गुरांपैकी ८० ते ८५ टक्के गुरे त्यांच्यातूनच बाजारात येतात.

ही व्यवस्था कोणा एकाच्या दुष्टाव्यातून निर्माण झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित मका आणि रासायनिक खते यांमुळे धान्याचे उदंड पीक येऊ लागले. ओगलाला या भूगर्भातील प्रचंड जलसाठ्यावर पंप बसवून कोरड्या पठारावर शेती सुरू झाली. आणि जेथे धान्य तेथे गुरे आणणे हे गुरे असतील तेथे धान्य नेण्यापेक्षा स्वस्त पडू लागले. कत्तलखानेही गुरांच्या मागोमाग सरकले. १८६५ साली उघडलेला शिकागोचा प्रसिद्ध युनियन स्टॉकयार्ड १९७१ साली बंद झाला. १९६० साली आयोवामध्ये स्थापन झालेल्या आयबीपी या कंपनीने अख्खी धडे पाठविण्याऐवजी मांसाचे तुकडे पाडून ते निर्वात पिशव्यांत बांधून खोक्यांतून पाठविण्याची पद्धत १९६७ पासून रूढ केली. आणि आज पोसलेल्या गुरांच्या कत्तलीपैकी सुमारे ८५ टक्के काम टायसन, कारगिल, जेबीएस आणि नॅशनल बीफ या चार कंपन्यांच्या हाती एकवटले आहे. लाखो लहान शेतींवर जन्मलेली वासरे या चार दरवाजांतून जाताना आपली पूर्वपीठिका मागे टाकून जातात. मूळ कळपाची ओळख मांसाबरोबर टिकवून ठेवावयाची, तर त्यासाठी वेगळा हिशेब, वेगळी रांग आणि वेगळा खर्च लागतो.

धान्यावर पोसण्यास सरकारी प्रतवारीनेही नकळत उत्तेजन दिले. १९२७ पासून अमेरिकन कृषिखाते मांसाची प्रत ठरवीत आले आहे. प्राइम, चॉइस आणि सिलेक्ट या आज परिचित असलेल्या प्रती मुख्यत्वे जनावराचे वय आणि स्नायूंत विखुरलेल्या चरबीच्या शुभ्र रेषा पाहून ठरतात, आणि ही चरबी मक्यावर लवकर चढते. १९७८ साली सुरू झालेली ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ ही ख्यातनाम नाममुद्राही मांसाच्या गुणांवर आधारलेली आहे. तिच्यासाठी जनावराच्या कातड्याचा किमान ५१ टक्के भाग काळा असावा लागतो आणि मांस ठरावीक कसोट्यांना उतरावे लागते, परंतु ते जनावर कुरणात किती दिवस राहिले, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. अनेक ग्राहक मात्र त्या नावातून संगोपनाची ग्वाही मिळाल्याचे समजून चालतात.

जाहिरातींचे पाहावे, तर १९८५ च्या कायद्यान्वये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गुरामागे एक डॉलरची सक्तीची वर्गणी वसूल होते आणि त्या निधीतून गोमांसाचा प्रचार चालतो. १९९२ साली रॉबर्ट मिचम या नटाच्या धीरगंभीर आवाजात, संगीतकार एरन कोपलंड यांच्या ‘रोडिओ’ या नृत्यनाट्यातील चैतन्यपूर्ण सुरावटीवर सुरू झालेली मोहीम त्याच निधीतील होती. ही सक्ती अन्यायाची आहे, अशी काही पशुपालकांनी दाद मागितली असता, हा प्रचार म्हणजे सरकारचेच बोलणे होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. गोमांसाच्या जाहिरातींत गुरे दाखविली जातात तेव्हा हिरवे कुरण, घोड्यावरचा गुराखी आणि आईमागे धावणारे वासरू यांचेच चित्र बहुधा समोर येते. हे चित्र खोटे नाही, आणि यातच त्याचे सामर्थ्य साठविलेले आहे. कारण फीडलॉटमध्ये जाणाऱ्या गुरानेही आपले बहुतांश आयुष्य गवतावरच काढलेले असते. ते चित्र आयुष्याच्या पूर्वार्धाचे असते, आणि उत्तरार्धाविषयी मौन पाळून ते पाहणाऱ्याच्या मनात संपूर्ण आयुष्याची अपेक्षा उत्पन्न करते.

या अपेक्षेला धक्के बसत गेले. डीईएस हे कृत्रिम संप्रेरक १९५४ पासून गुरांच्या खाद्यात मिसळण्यास परवानगी होती; त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध उघड झाल्यावर दीर्घ वादानंतर १९७९ साली त्यावर बंदी आली. इतर सहा संप्रेरकांचा वापर मात्र चालू राहिला, आणि १९८९ पासून युरोपने अशा गुरांचे मांस घेण्याचे नाकारल्यामुळे दोन खंडांत वर्षानुवर्षे चाललेला व्यापारी तंटा जागतिक व्यापार संघटनेच्या पुढ्यात गेला. २००३ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातील एका गायीला बीएसई, म्हणजे ज्याला लोक ‘मॅड काऊ’ म्हणतात तो रोग असल्याचे आढळताच अनेक देशांनी अमेरिकन गोमांसाची आयात रातोरात थांबविली. २००८ साली कॅलिफोर्नियातील चिनो येथील एका कत्तलखान्यात उभ्याही राहू न शकणाऱ्या गायींना यंत्राने ढकलून कत्तलीस नेत असल्याचे गुप्तपणे घेतलेले चित्रण प्राणिरक्षक संघटनेने प्रसिद्ध केले आणि १४ कोटी ३० लक्ष पौंड मांस परत मागवावे लागले. त्यातील काही भाग शाळकरी मुलांच्या भोजनासाठी गेला होता. अशा प्रत्येक घटनेनंतर गिऱ्हाइकाची चौकशी वाढली, आणि तिला उत्तर म्हणून वेष्टनावरचे शब्दही वाढले.

त्या शब्दांचा कायद्यातील अर्थ आणि लोकमानसातील अर्थ यांत केवढी तफावत आहे! ‘नैसर्गिक’ या शिक्क्याविषयीचे कृषिखात्याचे धोरण १९८२ चे आहे; त्याप्रमाणे मांसात कृत्रिम रंग वा द्रव्य घातलेले नसावे आणि त्यावर अत्यल्प प्रक्रिया झालेली असावी, एवढेच अभिप्रेत आहे. जनावराच्या संगोपनाविषयी त्यात अवाक्षर नाही. म्हणजे संप्रेरके घेतलेल्या, फीडलॉटमध्ये पोसलेल्या गुराचे साधे ताजे मांसही या शिक्क्यास पात्र ठरते. ‘गवतावर पोसलेले’ या विधानासाठी कृषिखात्याच्या विपणन विभागाने २००७ साली एक स्वच्छ व्याख्या केली होती: दूध सुटल्यापासून जनावराने आयुष्यभर गवत व चाराच खाल्लेला असावा, धान्य मुळीच नसावे, आणि गवताच्या हंगामात त्याला कुरण सदैव मोकळे असावे. जानेवारी २०१६ मध्ये ही व्याख्या मागे घेण्यात आली. दाव्याचे वेष्टन मंजूर करणे हे कृषिखात्याच्याच मांसतपासणीच्या दप्तराचे काम असल्यामुळे तेथे कोणती कसोटी लावली जाईल याची हमी आपण देऊ शकत नाही, असे व्याख्या करणाऱ्या विभागाचेच म्हणणे पडले. शब्द बाजारात राहिला. त्यामागची ती स्वच्छ सरकारी व्याख्या मात्र निघून गेली. सेंद्रिय मांसाची स्थिती त्या मानाने बरी, कारण त्याचे नियम कायद्याने बांधलेले आहेत आणि बाहेरचे निरीक्षक दरवर्षी शेतावर जातात. २०१० च्या नियमाने वर्षातून किमान १२० दिवस चराई आणि चराईच्या काळात किमान ३० टक्के खाद्य कुरणातून, अशी अट घातली, तरी अखेरच्या काळात धान्य चारण्यास त्यातही मुभा आहे. मूळ देशाच्या बाबतीत तर अशी अवस्था होती की परदेशातून आलेल्या मांसाचे अमेरिकेत नुसते तुकडे पाडून नवे पाकीट केले तरी त्यावर अमेरिकन उत्पादन असा शिक्का मारता येई. मार्च २०२४ मधील नियमाने तो शिक्का जन्म, संगोपन, कत्तल व प्रक्रिया ही सर्व अमेरिकेत झालेल्या जनावरापुरता मर्यादित केला, आणि तो १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झाला.

या सर्व प्रकरणाचे मर्म एका प्रशासकीय वस्तुस्थितीत आहे. मांसतपासणीच्या या दप्तराचा अंमल कत्तलखान्याच्या फाटकापाशी सुरू होतो. कुरणावर अथवा फीडलॉटमध्ये जाऊन पाहण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून एखाद्या कंपनीने संगोपनाविषयी दावा करावयाचा, तर ती आपली पद्धत कागदावर लिहून, प्रतिज्ञालेख जोडून अर्ज करते, आणि दप्तरातील अधिकारी ते कागद वाचून वेष्टनास मंजुरी देतो. कागद वाचून जे कळते ते कळते. जनावराने काय खाल्ले, ते कागदाला कोठून ठाऊक असणार? पुढे कृषिखात्याने स्वतःच ‘प्रतिजैविकांविना वाढविलेले’ या शिक्क्याखाली विकल्या जाणाऱ्या गुरांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे २० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. पाचांपैकी एक! त्यानंतरच्या सुधारित मार्गदर्शिकेत त्रयस्थ प्रमाणपत्राची जोरदार शिफारस आहे, पण सक्ती नाही.

हे अंतर भरून काढणे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला त्याच देशातील उदाहरण दाखविता येते. युरोपात मांस पाठवू इच्छिणाऱ्या अमेरिकन पशुपालकांसाठी संप्रेरकमुक्त गुरांची एक योजना हेच कृषिखाते चालविते, आणि तीत प्रत्येक शेताची व फीडलॉटची प्रत्यक्ष पाहणी होते. परक्या गिऱ्हाइकाने नकार दिला तेव्हा साक्ष उभी करता आली. घरच्या गिऱ्हाइकाला मात्र प्रतिज्ञालेखावर समाधान मानावे लागते. ब्रिटनमध्ये १९९६ साली बीएसईचा मानवी रोगाशी संबंध जाहीर झाल्यावर प्रत्येक गुराला पारपत्र देण्याची पद्धत सुरू झाली, आणि २००२ पासून युरोपीय संघात जनावराचा जन्म, संगोपन व कत्तल कोणत्या देशात झाली, हे वेष्टनावर लिहिणे बंधनकारक झाले. जपानमध्ये २००१ साली पहिले रोगी जनावर सापडले आणि २००३ साली कायदा होऊन प्रत्येक देशी गुराला दहा अंकी क्रमांक मिळाला; तो क्रमांक मांसाच्या पाकिटापर्यंत येतो आणि गृहिणीला त्यावरून जनावराची जात, जन्मतारीख आणि वास्तव्याची ठिकाणे पाहता येतात. उरुग्वेसारख्या छोट्या देशाने २००६ च्या कायद्याने प्रत्येक गुराची नोंद सक्तीची केली. क्रमांक म्हणजे दयाबुद्धीची हमी नव्हे, हे खरे; पण कोणतीही चौकशी करावयाची, तर ती ज्या जनावराविषयी करावयाची ते जनावर ओळखता आले पाहिजे, आणि ही पहिली पायरी या देशांनी चढलेली आहे.

वागणुकीची मोजदाद कशी करावी, हे टेंपल ग्रँडिन या विदुषीने दाखवून दिले. ‘योग्य’ आणि ‘पुरेसे’ अशी संदिग्ध विशेषणे बाजूला ठेवून तिने कत्तलखान्यात मोजता येतील अशा गोष्टी निवडल्या: पहिल्याच आघातात बेशुद्ध झालेली गुरे ९५ टक्क्यांहून कमी असता कामा नयेत, किती गुरे हंबरली, किती घसरून पडली, किती जनावरांना विजेची काठी लावावी लागली, हे प्रत्यक्ष उभे राहून मोजावयाचे. १९९९ साली मॅकडॉनल्ड्सने आपल्या पुरवठादारांवर ही तपासणी लागू केली तेव्हा, नव्या इमारती न बांधता व यंत्रे फारशी न बदलता, केवळ कोणी मोजते आहे या जाणिवेनेच अनेक ठिकाणी दृश्य सुधारणा झाली. मोठ्या गिऱ्हाइकाची मागणी आणि मोजता येणारी कसोटी ही दोन एकत्र आली म्हणजे काय घडू शकते, याचे हे समाधानकारक उदाहरण होय.

तथापि ग्राहकानेही आपल्या अपेक्षांचा हिशेब नीट मांडला पाहिजे. केवळ गवतावर पोसलेले जनावर कत्तलीच्या वजनाला यावयास अधिक महिने घेते, त्याला अधिक जमीन लागते, आणि दीर्घायुष्यामुळे दर किलो मांसामागे त्याच्या रवंथातून बाहेर पडणारा मिथेन वायूही बहुधा अधिक असतो. म्हणून मोकळे कुरण, स्वस्त मांस आणि वातावरणावर कमी भार या तिन्ही मागण्या एकाच पाकिटात पूर्ण होत नाहीत. प्रतिजैविके मुळीच नकोत असा आग्रह धरताना आजारी जनावराचे काय करावयाचे, याचाही विचार हवा. वाढीसाठी खाद्यातून औषधे देण्याची प्रथा निंद्य होती, आणि मानवी उपचारात महत्त्वाची असणारी प्रतिजैविके त्या कारणासाठी वापरण्यास अमेरिकेत २०१७ पासून मज्जाव आहे, हे उचितच झाले. पण शिक्का जाईल या भीतीने रोगी वासराचा उपचार लांबणीवर पडत असेल, तर तो शिक्का दयेच्या विरोधात काम करू लागतो.

आपल्याकडेही हा प्रश्न दुधाच्या पिशवीवर येऊन ठेपला आहे. गायीच्या वाणावरून ‘ए-टू’ म्हणून दूध आणि तूप चढ्या भावाने विकले जाऊ लागले, तेव्हा असे दावे दिशाभूल करणारे असल्याने ते वेष्टनावरून काढावेत, असा हुकूम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी काढला आणि अवघ्या पाच दिवसांत, अधिक विचारविनिमयासाठी, तो मागेही घेतला. दावा खरा की खोटा याचा निर्णय लागण्यापूर्वीच बाजार पूर्ववत चालू झाला, आणि निवाडा करण्याचे काम पुन्हा त्या गिऱ्हाइकावर येऊन पडले, ज्याच्यापाशी तो करण्याचे कोणतेही साधन नाही.

म्हणून मला वाटते की, जनावराच्या आयुष्याविषयी आस्था बाळगणाऱ्या माणसाने नव्या गोड शब्दांची मागणी करण्यापेक्षा जुन्याच शब्दांमागील तपासणीची मागणी करावी. हे विधान कोणाचे आहे, गोठ्यापर्यंत जाऊन ते कोणी पाहिले, तपासणाऱ्याचा मोबदला कोण देतो, आणि ते खोटे ठरले तर शासन काय, हे चार प्रश्न मांस, दूध, अंडी, मध अशा प्रत्येक जिनसेला सारखेच लागू पडतात. त्यांची उत्तरे उघडपणे मिळू लागली, तर इमानाने गुरे पोसणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या कष्टाचे मोल मिळेल, वाढीव किंमत मोजणाऱ्याचा पैसा सत्कारणी लागेल, आणि ज्या मुक्या प्राण्याच्या नावावर हा सारा व्यापार चालतो, त्याच्या वाट्यालाही त्या किमतीतील काही अंश सुखाच्या रूपाने खरोखर पोहोचेल.